बैठकीला नसलेल्यांची पेन्शन

मित्रहो, दोन तारखा सांगतो. ३१ ऑक्टोबर २००५ आणि १ नोव्हेंबर २००५. दोन्हींमध्ये एका रात्रीचं अंतर. दुसरी तारीख तर लक्ष्मीपूजनाची, कचेऱ्यांना सुटी. त्या रात्रीच्या अलीकडे जो महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत रुजू झाला त्याला जुनी पेन्शन: शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, आणि त्याच्यामागे बायकोला कुटुंबनिवृत्तिवेतन. दिवाळी उरकून जो रुजू झाला त्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यातून दहा टक्के कपात सुरू झाली, सरकारने तेवढीच भर घातली (पुढे ती चौदा टक्के केली), आणि निवृत्तीनंतर हातात नक्की काय पडणार ते बाजारावर सोडून दिलं.

माझी सगळी नोकरी कोषागारात गेली. एकाच जाहिरातीतून, एकाच निवड यादीतून आलेली माणसं माझ्यासमोर बसायची. एकाचा नेमणूक आदेश लवकर निघाला, दुसऱ्याची पोलीस पडताळणी रखडली. काम एक, टेबलं शेजारी शेजारी, पण म्हातारपणं दोन. हा दुसरा मला विचारायचा, "साहेब, माझं चुकलं काय?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

हा निर्णय का झाला, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पाचव्या वेतन आयोगानंतर देशातल्या बहुतेक राज्यांच्या तिजोऱ्यांवर ताण आला होता. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या नोकरदारांसाठी जुनी पेन्शन बंद केली, आणि मग बहुतेक राज्यं त्याच वाटेने गेली. पैशांची ओढाताण खरी होती. ती नाकारून तुमच्या कर्मचारी संघटनेचं भलं होत नाही, आणि मी ती नाकारणार नाही.

पण वाटा कुणाकडून घेतला ते पाहा. तमिळनाडूत २००३ साली तंगीच्याच काळात सेवेत असलेल्यांच्या सवलतींना हात लागला होता. जुलैत संप झाला, सरकारने एका फटक्यात दीड लाखाहून जास्त माणसांना बडतर्फ केलं, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा हक्कच नाही. केवढा भडका तो! महाराष्ट्रात २००५ ला सेवेतल्या कुणाचा एक पैसाही गेला नाही. गेला तो अजून नेमणूकच न झालेल्यांचा. ते कॉलेजात होते, स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरत होते. त्यांच्या वतीने भांडणारं कुणी नव्हतं आणि २००३ सारखा भडका इथे उडाला नाही. आम्ही सेवेत होतो, आमचं शाबूत राहिलं, आणि आम्ही पुढे चालत राहिलो. आम्ही म्हणताना मी स्वतःला धरून म्हणतो आहे.

याच्या शेजारी मार्च २०२० ठेवून बघा. टाळेबंदी लागली, महसूल थांबला. राज्याने मार्चच्या पगाराचं जाहीर केलं: मंत्री आणि लोकप्रतिनिधींचा साठ टक्के, अ आणि ब वर्गाचा पन्नास टक्के, क वर्गाचा पंचवीस टक्के पगार मागे ठेवायचा, आणि ड वर्गाला हात लावायचा नाही. नंतर ही रक्कम दुसऱ्या टप्प्यात द्यायची ठरली. त्रास झाला, घराचे हप्ते अडकले. तरी लोकांनी ते सोसलं. का सोसलं? वरच्याचा वाटा मोठा होता, खालचा वाचला होता, आणि उशिरा का होईना, आपलं आपल्याला मिळणार होतं. तंगीत कर्मचारी काहीच सोडायला तयार नसतात, असं जे म्हणतात त्यांनी हे आठवावं.

२००५ चा हिशोब चुकता व्हायला अठरा वर्षं लागली. २०२२ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री म्हणाले की जुनी पेन्शन दिली तर एक लाख दहा हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. पुढच्या मार्चमध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली तूटच सोळा हजार कोटींवर होती. आणि १४ मार्च २०२३ ला संप सुरू झाला. "एकच मिशन, जुनी पेन्शन" ही घोषणा देणारी बरीचशी मुलं २००५ नंतरची होती. शाळा, दवाखाने, तहसील कचेऱ्या ओस पडल्या. सातव्या दिवशी, २० तारखेला, संप मागे घेतला गेला.

संप गाजला पेन्शनच्या आकड्यावरून. मला मात्र त्याच महिन्याच्या अखेरीस निघालेला आदेश जास्त मोलाचा वाटतो. नव्या योजनेतला माणूस नोकरीत असताना गेला तर घरच्यांना कुटुंबनिवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान (ग्रॅच्युइटी) मिळेल, असं त्यात ठरलं. म्हणजे त्याआधी इतकी वर्षं तो आधार त्या घरांना नव्हता! तरुण शिक्षक अपघातात गेला, मागे दोन लहान मुलं, आणि आम्ही खिडकीतून सांगायचो, "ताई, तुमच्या मिस्टरांची नेमणूक नोव्हेंबरनंतरची." हे वाक्य मी स्वतः उच्चारलं आहे. ते मला अजून बोचतं.

जानेवारी २०२४ मध्ये, जाहिरात नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती अशा सुमारे सव्वीस हजार जणांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. ऑगस्टमध्ये केंद्रापाठोपाठ राज्याने एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली. हमीच्या पेन्शनचं तत्त्व परत आलं, पण केंद्राच्या योजनेत पूर्ण निम्म्या पगारासाठी पंचवीस वर्षं सेवा लागते. उशिरा नोकरी लागलेल्याने ही अट नीट वाचावी.

आता मला खरी काळजी कशाची आहे ते सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये, संपाला सहा महिने झाले नव्हते तोवर, नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला. ओरड झाली, ऑक्टोबरात तो रद्द झाला. पण कंत्राटी माणसं त्याआधीही कचेऱ्यांत होती आणि आजही आहेत. तुमच्या संगणकावर बसणारा मुलगा, दवाखान्यातली परिचारिका, गाडीचा चालक. यांना जुनी पेन्शन नाही आणि नवीही नाही. तूट भरायची वेळ आली की पहिला हात यांच्यावर पडतो, कारण बैठकीला यांच्याकडून कुणी नसतं. २००५ ला जी जागा त्या कॉलेजातल्या मुलांची होती, तीच आज यांची आहे.

इथे येण्याआधी मी तुमच्या सरचिटणीसांना विचारलं, कंत्राटी माणसाला तुमचा सभासद होता येतं का? ते म्हणाले, संघटनेची घटना दुरुस्त करावी लागेल. पुढच्या वार्षिक सभेत हा ठराव मांडा. अनुमोदनाला मी येतो.