रात्री अकराचा आवाज दुपारी चारला ठरतो

(गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांत होमस्टे व कॅम्पिंगच्या जागा चालवणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, नमस्कार. तुमच्यापैकी बहुतेकांनी आपल्या भाटात (माडांच्या बागेत) किंवा कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेला चार-सहा गाड्या उभ्या राहतील एवढी जागा मोकळी केली आहे, काहीजण करायच्या विचारात आहेत. चोर्ल्याचा घाट उतरून बेळगाव-हुबळीच्या गाड्या येतात, पत्रादेवीवरून पुण्या-मुंबईच्या. महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच वर्षी केरळनेही आणलं. बिछाना गाडीत, चूल गाडीत, फक्त उभं राहायला जागा द्या म्हणणारा पाहुणा आता आपल्या ओळखीचा झालाय. त्याच्यासाठी पाणी, वीज, संडास ही तयारी तुम्ही चांगली करता. भांडण यातल्या कशावरून सहसा होत नाही. भांडण होतं आवाजावरून, आणि तेही मालक झोपायला गेल्यावर.

मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. रात्री अकराला जो गोंगाट होतो तो दुपारी चारलाच ठरून गेलेला असतो. गाडी कुठे लावली, तिचं दार कुठल्या बाजूला उघडतं, शेजारी कोण आहे आणि आल्या आल्या मालक काय बोलला, एवढ्यावर. अकरा वाजता टॉर्च घेऊन गेलात तर वाईटपणा तेवढा पदरात पडतो, आवाज पंधरा मिनिटांनी पुन्हा सुरू होतो.

आधी थोडा हिशेब सांगतो, कारण अंदाजाने केलेली सगळी मांडणी इथेच फसते. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. दोघंजण सहज गप्पा मारताहेत, एक मीटरवर ६० डेसिबल धरा. दोन मीटरवर ५४, चारवर ४८, आठवर ४२. आता हातातला छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या. फार मोठा नाही, एक मीटरवर ८० डेसिबल. तो ४४ पर्यंत खाली यायला ६४ मीटर लागतात. तुमच्यापैकी किती जणांच्या भाटाची रुंदी ६४ मीटर आहे?

आणि ४४ किंवा ४५ च का, तर २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसाची ५५. रात्र म्हणजे दहा ते सहा. म्हणजे हलक्या आवाजातल्या गप्पा आठ मीटरवर नियमात बसतात, स्पीकर मात्र जवळपास कुठेच बसत नाही. हे दोन आकडे लक्षात ठेवलेत तर पाहुण्यांना काय चालेल आणि काय नाही हे सांगताना तुम्हाला अडखळायला होणार नाही. गप्पा मारा, स्पीकर बंद करा. ‘शांतता राखा’ या फलकाला काही अर्थ नाही. शांतता म्हणजे नेमकं काय, हे प्रत्येकजण आपल्या सोयीने ठरवतो.

काहीजण म्हणतात, मध्ये माड आहेत, आवाज अडेल. अडत नाही. माडांची एक रांग नजर अडवते, आवाज तिच्यातून आरामात जातो. आवाज अडवायला वजन लागतं. तंबूचं कापड म्हणजे काहीच नाही, आणि गाडीची भिंत म्हणजे पातळ पत्रा, आत फोम, वर प्लायवूड. फोम उष्णता रोखतो, ढोलकीचा किंवा बासचा ठोका रोखत नाही. म्हणून गाडीत दार-खिडक्या लावून झोपलेल्या माणसाला गाणं ऐकू येत नाही, नुसतं धप धप ऐकू येतं, आणि तेच जास्त छळतं. स्पीकर लाकडी टेबलावर ठेवला की टेबलही त्याच्याबरोबर वाजायला लागतं. अडवायचंच असेल तर चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, माणसाच्या उंचीपेक्षा थोडी वर जाणारी भिंत आवाज आणि झोपणारा यांच्या मध्ये हवी. आपल्याकडे चिरा मिळतोही आणि तो बांधणारा मेस्तही.

ज्यांची जागा नदीकाठी आहे त्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वरची त्या मानाने उबदार राहते, आणि आवाज वर निघून जाण्याऐवजी वाकून पुन्हा खाली येतो. पाण्यावरून तर तो घसरतच येतो. दुपारी पलीकडच्या काठावरचं अवाक्षर ऐकू येत नव्हतं म्हणून रात्रीही येणार नाही, असं समजू नका.

आता मांडणी. इंग्लंडातल्या कॅराव्हॅनच्या जागांवर दोन गाड्यांमध्ये ६ मीटर अंतर ठेवायचा दंडक आहे. तो मूळचा आगीच्या भीतीने आलेला, पण आवाजालाही उपयोगी पडतो. आपल्याकडे मी आठ मीटर म्हणेन. मघाचा गप्पांचा हिशेब आठवा. अंतरापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे दार. आपल्याकडच्या बहुतेक व्हॅनचं सरकतं दार डाव्या अंगाला असतं. सगळ्या गाड्या एकाच दिशेला तोंड करून लावल्या तर प्रत्येकाचं दार, खुर्च्या आणि गप्पा शेजाऱ्याच्या बंद बाजूकडे येतात. दोन गाड्या उलटसुलट लावल्या की दारं समोरासमोर येतात. एकाच कुटुंबाच्या दोन गाड्या असतील तर ते छानच, अंगण मिळतं. अनोळखी असतील तर रात्रभर एकमेकांच्या घरात बसल्यासारखं.

त्या सरकत्या दाराबद्दल बोलायलाच हवं. घर्रर्र... धाड्. रात्री लघवीला उठणारा एक माणूस दोनदा उघडतो, दोनदा लावतो. गाडीत सहाजण असतील तर मोजा तुम्हीच. त्यात काहींना सवय असते, दार लावलं की रिमोटने लॉक करायचं. टुक-टुक, आणि चारी दिवे लखलख. हा माणूस अजिबात वाईट नसतो, घरून शिकवण मिळालीय की गाडी लॉक करावी. त्याला संध्याकाळीच सांगायचं, काका, इथे कुणी काही नेत नाही, रात्री आतून कडी लावा, रिमोट राहू द्या, आणि दार शेवटच्या वीतभरात हाताने दाबून लावा. ऐकतात. आजवर या सूचनेवर कुणी रुसलेलं मी पाहिलं नाही. संडासापासून जवळची जागा वयस्कर मंडळींना द्या, पण संडासाला अगदी लागून कुणालाच देऊ नका. तिथे रात्रभर चप्पल फटफटत असते.

उशिरा येणाऱ्यांसाठी फाटकाजवळची एक जागा रिकामी ठेवायची. हुबळीहून निघालेला माणूस घाटात ट्रकच्या मागे अडकतो आणि साडेअकराला पोचतो. त्याला आतल्या टोकाची जागा दिलीत तर तो सगळ्यांच्या उशापायथ्यावरून जाणार, मग रिव्हर्सची पीं-पीं, मग बायको खाली उतरून ‘या, या, अजून या, बस्स!’ ओरडणार. रात्री फाटकाजवळ थांबू द्या, सकाळी हलवा.

सगळ्यात जास्त त्रास कोण देतं, तर तीन-चार गाड्यांनी एकत्र आलेला कंपू. त्यांना आपण कंपू आहोत हे जाणवतच नाही, घरचीच माणसं ना. ते गाड्या गोल लावतात, मध्ये खुर्च्या मांडतात, आणि त्या गोलाच्या कडेला एखादं एकटं जोडपं सापडतं. ही चूक कंपूची नव्हे, जागा देणाऱ्याची. बुकिंगच्या फोनवरच विचारा, किती गाड्या, ओळखीच्या का. कंपूला एक टोक द्या, चिऱ्याच्या भिंतीपलीकडचं, आणि दुसऱ्या टोकाला लहान मुलांची कुटुंबं.

मग ओळख करून द्यायची. याला पाच मिनिटंही लागत नाहीत. चहा घेऊन जा आणि म्हणा, हे साताऱ्याचे, शेतीचं औषध विकतात. ही पलीकडची मंडळी बेळगावची, त्यांचं बाळ आठ महिन्यांचं आहे. एवढंच. ज्या बाळाला माणसाने संध्याकाळी ‘अरे वा’ म्हणून पाहिलंय, त्याच्या झोपेच्या वेळी तो आपणहून आवाज खाली करतो. न पाहिलेल्या शेजाऱ्यासाठी कुणी करत नाही. नियमाचा कागदही द्या हातात, माझा काही विरोध नाही, पण तो बहुतेकजण चहाचा कप ठेवायला वापरतात.

पाहुण्याने पाहुण्याला समजवायला जावं का? शक्यतो नको, मालकाचा फोन नंबर त्यासाठीच असतो. जायची वेळ आलीच तर दोन-तीन गोष्टी. लवकर जावं, राग साठायच्या आत आणि समोरच्याचा तिसरा पेग व्हायच्या आत. सगळ्यांसमोर न बोलता एकाला बाजूला घेऊन बोलावं. टॉर्चचा झोत तोंडावर मारू नये. आपल्याकडे एवढंच म्हणतात, ‘आवाज मातसो उणो कर रे बाबा’ (आवाज जरा कमी कर रे बाबा), त्या ‘रे बाबा’ने अर्धं काम होतं. आणि काहीच चाललं नाही तर ११२ आहे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की नको असलेला आवाज ऐकायला कुणालाही भाग पाडता येत नाही. हणजूण-वागातोरच्या रात्रीच्या संगीताचा प्रश्न तर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. किनाऱ्यावरचा तो खेळ आपल्या गावात यायचा नसेल तर आपापल्या भाटापासूनच आवर घालायला हवा. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या कासवांच्या किनाऱ्यांजवळ ज्यांच्या जागा आहेत त्यांनी तर दिव्यांचाही विचार करावा. अंड्यातून निघालेलं पिल्लू उजेडाच्या मागे जातं आणि समुद्राऐवजी तुमच्या अंगणात येतं.

आता एक वेगळा आवाज, ज्याला आवाज म्हणायला आपण कचरतो. पहाटे साडेपाचला मोबाईलवर भक्तिगीतं लावणारे आजोबा. त्यांना कुणी काही बोलत नाही, कारण बोलणार कसं? पण नियमातली रात्र सहाला संपते, आणि बाहेरच्या खुर्चीवर ठेवलेल्या फोनला त्यात काय वाजतंय हे कळत नाही. आजोबांना कानात घालायचे इयरफोन द्या, किंवा सहापर्यंत कुळागरात फेरी मारून या म्हणावं. ट्रेकला जाणाऱ्या पोरांचंही तेच, पाच अलार्म लावतात आणि पाचही स्नूझ करतात.

दुपारकडे मात्र आपण स्वतःच दुर्लक्ष करतो. जर्मनीतल्या कॅम्पिंगच्या जागांवर दुपारी एक ते तीन विश्रांतीची वेळ असते, त्या वेळात गाड्या आत-बाहेर करू देत नाहीत, काही ठिकाणी फाटकच बंद ठेवतात. आपण गोवेकर दुपारी दुकानं बंद करून झोपणारी माणसं, यावरून सगळा देश आपली थट्टा करतो, आणि आपल्याच जागेत मात्र दोन वाजता गवत कापायचं यंत्र सुरू करतो! रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस नेमका त्या वेळी झोपलेला असतो. गवत, लाकूड, बोअरवेलची दुरुस्ती, सगळं अकराच्या आत किंवा चारनंतर.

गावाचा आवाज ही निराळी बाब. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून येतो, त्याचा भोंगा वाजतो. आदल्या दिवशी सांगून ठेवलंत तर पाहुणे दचकून शिव्या देण्याऐवजी सुटे पैसे घेऊन रस्त्यावर उभे असतात, पाव मिळेल म्हणून. जत्रेचं, काल्याचं, शिगम्याचंही तसंच. दशावतारी नाटक पहाटेपर्यंत रंगतं, घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर वाड्यावाड्यातून मेळ फिरतात, ते पाहुण्यांसाठी थांबणार नाही आणि थांबूही नये. बुकिंग घेतानाच तारीख सांगा. ज्यांना झोप हवी ते दुसरा दिवस निवडतील, आणि काहीजण खास त्यासाठीच येतील. एक मात्र खरं, देवळाचं नाव पुढे करून स्वतःच्या जागेत पहाटेपर्यंत डीजे लावणाऱ्याचा आणि जत्रेचा काही संबंध नाही.

मागून एकांनी जनरेटरचं विचारलं, ते राहिलंच. पाहुणे स्वतःचा छोटा जनरेटर आणतात, कारण त्यांना रात्री एसी हवा असतो. ‘सायलेंट’ म्हणून विकतात त्याच्या नावावर जाऊ नका. डिझेल जनरेटरला कारखान्यातून निघताना एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे नियमाप्रमाणे बनवलेला, नवाकोरा जनरेटरसुद्धा ४५ वर यायला ३२ मीटर लांब हवा, आणि वापरून खिळखिळा झालेला त्याहून लांब. दहानंतर बंद म्हणालात तर पाहुणा उकडून निघतो आणि तुमच्यावर डाफरतो. म्हणून त्याला जनरेटर लागणारच नाही अशी सोय करा, प्रत्येक जागेला १६ अँपिअरचा एक पॉइंट द्या, वीज मीटरवर मोजून पैसे घ्या. पाहुणे आनंदाने देतात, पेट्रोलपेक्षा स्वस्त पडतं. अर्थिंग मात्र चांगल्या वायरमनकडून तपासून घ्या, आणि पॉइंट कमरेएवढ्या उंचीवर झाकणाच्या पेटीत बसवा, जूनमध्ये मातीवर आपटलेलं पाणी गुडघ्यापर्यंत उडतं.