माझ्या नावची मूठ

मंडळी, सगळ्यात आधी एक सांगतो, मी काही धर्माचा अभ्यासक वगैरे नाही, सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, कंपनीने तीन वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला पाठवलं होतं म्हणून वाचनालयाने तिकडचा धर्म आणि आपल्याकडचा यावर बोलायला बोलावलंय. त्यामुळे जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलेन, प्रश्न नंतर विचारा.

तिकडे गेल्यावर पहिल्या आठवड्यातच पत्ता नोंदवायला नगरपालिकेत जावं लागतं. फॉर्मवर धर्माचा रकाना. मी छान अक्षरात हिंदू लिहिलं. खिडकीतली बाई म्हणाली, तुमच्यासाठी आमच्याकडे कोडच नाही. मला वाटलं झालं, पहिल्याच दिवशी भेदभाव! तसं काही नव्हतं हो. तिकडे चर्चचा मेंबर असाल तर इन्कम टॅक्सच्या वर चर्चचा टॅक्स लागतो, दोन राज्यांत 8 टक्के, बाकीकडे 9, म्हणजे हजार युरो इन्कम टॅक्स बसला की वर 80 नाहीतर 90, आणि तो पगारातूनच परस्पर कापला जातो, त्यासाठी सरकारला धर्म हवा असतो. पुढे पगाराची स्लिप आली तर माझ्या धर्माच्या जागी दोन आडव्या रेघा. सुटकेसमध्ये आईने दिलेला पितळी गणपती आणि कागदावर मी निधर्मी!

माझ्या एका कलीगने चर्च सोडलं. म्हणजे काय केलं, तर ऑफिसातून हाफ डे घेतला, जन्म-लग्नाची नोंद करतात त्या कचेरीत गेला, फी भरली, सही केली, आला परत. डिसेंबरात तोच पठ्ठ्या चर्चमध्ये ख्रिसमसची गाणी म्हणायला हजर! मी विचारलं तर म्हणे गाण्याला टॅक्स नाही.

आता आपल्याकडे मला सांगा, सोडायचं ठरवलं तर कुठे जाल? कुठल्या तहसीलमध्ये?

कँटीनमध्ये मला कोणीतरी विचारलं, तू देव मानतोस का? आणि मी गडबडलोच, कारण सव्वीस वर्षं धुळ्यात काढली पण हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आपल्याकडे विचारतात पाया पडलास का, उपास आहे का, सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणार का चैत्रात. माझा चुलतभाऊ चहाच्या टपरीवर बसून देव नाही म्हणून छातीठोक सांगतो, कोणाला काही वाटत नाही, पण कानबाईच्या, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या, रविवारी तो घरी आला नाही तर बघा काय होतं ते. म्हणजे बोलायला मोकळीक, न करायला नाही. तिकडे बरोबर उलटं, काहीच करू नका, कोणी विचारणार नाही, पण मी रोज प्रार्थना करतो असं जेवताना म्हणालात की टेबलावर सगळे प्लेटीत बघायला लागतात.

पण तिकडे धर्म संपला असं जे व्हॉट्सॅपवर फिरतं ना, ते खरं नाही. रविवारी दुकानं बंद, आणि ती सवय नाही, कायदा आहे. गुड फ्रायडेला स्टुटगार्टमध्ये सार्वजनिक नाचगाण्यावर बंदी असते. आणि शेजारचा फ्रान्स बघा, तिथे 1905 च्या कायद्याने सरकार चर्चपासून बाजूला झालं आणि 2004 पासून सरकारी शाळेत मुलांना ठळक दिसेल असं धर्माचं चिन्ह घालून येता येत नाही, हिजाब नाही, पगडी नाही, मोठा क्रॉस नाही. आपली घटना मात्र पंचविसाव्या कलमात सरकारला सांगते की हिंदू मंदिरं सगळ्या जातींना उघडी करायला कायदा करता येईल. फ्रान्सचं सरकार देवळापासून लांब उभं, आपलं दार उघडायला पुढे. का? कारण दार बंद होतं! आपल्या अमळनेरला शिकवलेले साने गुरुजी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरला दहा दिवस उपाशी बसले ते यासाठीच, आणि ते काही देव न मानणारे नव्हते.

कानबाईचं राहिलंच. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-डोळे लावून बसवतो, सोमवारी नदीवर. तिच्या रोटांसाठी आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावची सव्वा मूठ गहू काढतात, आणि रोट खायचे फक्त भाऊबंदकीने. त्या वर्षी तिकडून फोन केला, काकू म्हणाली, "तुन्हा नावनी मूठ काढेल शे मी." मी मानतो का, येणार का, काही विचारलं नाही. स्लिपवरच्या त्या दोन रेघा समोर होत्या आणि मला खरं सांगतो भरून आलं.

मग घरी परतलो, मुलगी झाली, आणि भरून येणं जरा कमी झालं. कारण तिच्या नावची मूठ नाही. काकूच्या स्वतःच्या नावची नाही, गहू मात्र तीच निवडते, दळते, रोटही तीच करते. परवा म्हटलं, काकू, काढ ना पोरीची एक मूठ. म्हणाली ती सासरी जाणार. मी म्हटलं अगं चार वर्षांची आहे. बराच वेळ सुपातले खडे काढत बसली, मग म्हणाली, "भाऊबंदकीले इचारनं पडी."

श्रावणाला अजून दीड महिना आहे.