एसएफ-९ पेशी आणि मुंबईचा उकाडा

नमस्कार! मक्याचा फडशा पाडणारी अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली आपल्या देशात आली. तिच्याच कोषातल्या बीजांडकोषाच्या पेशींपासून आलेला, प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेला पेशींचा वंश म्हणजे एसएफ-९. पुण्यात तयार झालेली कोरोनाची लस कोव्होव्हॅक्स आठवते? तिच्यातलं स्पाइक प्रोटीन (कोरोना विषाणूच्या काट्यांचं प्रथिन) याच पेशींमध्ये बनतं. त्याचा जीन पेशींत नेतो बॅक्युलोव्हायरस, म्हणजे किडींना लागणारा विषाणू.

(फ्लास्क हातात) यांना कार्बन डायऑक्साइड लागत नाही, पाण्याचा ट्रे लागत नाही. फक्त २७ अंश तापमान हवं. आणि मुंबईत गोची तिथेच आहे. मे महिन्यात एसी बंद पडला की खोलीच ३२-३३ वर जाते, आणि नुसतं तापवणारा इन्क्युबेटर तिला थंड कसा करणार? गरम आणि थंड दोन्ही करणारा, कूलिंगवाला बीओडी इन्क्युबेटरच घ्या. फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या शेकरची मोटरही उष्णता सोडते, म्हणून डिस्प्लेवर विसंबू नका. फ्लास्कशेजारी पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर ठेवा. ३० च्या वर गेलात तर पेशी मरू लागतात.

१२५ मिलीच्या फ्लास्कमध्ये ३० मिलीपेक्षा जास्त माध्यम (पेशींचं पोषक द्रव) नको, कारण ऑक्सिजन वरच्या पृष्ठभागातूनच आत जातो. झाकण थोडं सैल, शेकर १२०-१३० आरपीएमवर. मिलीला ५ लाख पेशींनी सुरुवात करा. दिवसाला साधारण दुप्पट होतात, म्हणजे तिसऱ्या दिवशी ४० लाखांच्या आसपास. तेव्हा पुन्हा पातळ करा. ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) मोजून ९५ टक्के जिवंत नसतील तर त्या फ्लास्कवर व्हायरस वाया घालवू नका. आणि पावसाळ्यात खोकी, पुठ्ठे कल्चर रूममध्ये आणूच नका, बुरशी त्यांच्यावरून येते.

आता बॅक्युलोव्हायरस. हिशोब बघा: ५० मिली, मिलीला २० लाख, म्हणजे १० कोटी पेशी. व्हायरसचा साठा मिलीला १० कोटी कणांचा असेल, तर पेशीमागे एक कण द्यायला १ मिली पुरतो. प्रोटीनसाठी एवढं ठीक. साठा वाढवायचा असेल तर मात्र दहावा हिस्सा, ०.१ मिली. इथे बरेच जण हात सैल सोडतात. दरवेळी भरपूर व्हायरस दिला की अर्धवट जीनोमचे कण धडधाकट कणांच्या जिवावर वाढत जातात, आणि काही पिढ्यांत प्रोटीन घटत जातं! तिसऱ्या पिढीच्या पुढे जाऊ नका. साठा ४ अंशांवर, अंधारात.

प्रोटीनसाठीच्या फ्लास्कमधल्या पेशी दुसऱ्या दिवशी मोजा. वाढ थांबलीय, पेशी फुगल्यात, तर संसर्ग लागला. संख्या दुप्पट झाली असेल तर व्हायरस कमी पडला, किंवा साठ्याची मोजणीच चुकली होती.

४८, ६० आणि ७२ तासांना एकेक मिली काढून जेलवर चालवा, म्हणजे प्रोटीन आकारानुसार पट्ट्यांत वेगळी होतात. पॉलिहेड्रिन प्रमोटर, म्हणजे आपला जीन चालू करणारं व्हायरसचं बटण, उशिरा जागा होतो, त्यामुळे पहिल्या दिवशी पट्टा दिसला नाही तर घाबरू नका. पण ७२ नंतर पेशी फुटतात, प्रोटीन तोडणारे प्रोटिएज बाहेर पडतात आणि एका ठसठशीत पट्ट्याचे चार पुसट पट्टे होतात. प्रोटीन माध्यमात सोडणारं असेल तर आणखी आधी थांबा: जिवंत पेशी ७० टक्क्यांवर आल्या की सेंट्रिफ्यूज लावा.