बॅटरी बदलण्याआधी टर्मिनल बघा

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा लागला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. काल संध्याकाळपर्यंत गाडी छान चालत होती, आज सकाळी चावी फिरवली तर नुसतं 'कट्'. हॉर्न वाजतो, दिवे लागतात, पण सेल्फ उचलत नाही. चार जण जमतात, धक्का मारून गाडी चालू होते आणि तोवर निदानही झालेलं असतं: बॅटरी गेली! मग काही हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसते, गाडी पहिल्या झटक्यात चालू होते, सगळे खूश. पण नवी बॅटरी बसवताना दुकानातल्या मुलाने टर्मिनल (बॅटरीच्या शिशाच्या खांबावर वायर धरून ठेवणारी क्लॅम्प) काढलेलं असतं, पॉलिश पेपरने दोन हात घासून पुन्हा आवळलेलं असतं. गुण त्या घासण्याचा आणि श्रेय नव्या बॅटरीला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुखणं जागेवरच राहतं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा 'कट्'.

हे मी जुन्या गाड्यांबद्दल बोलतोय. समोर उदाहरण म्हणून मारुती ८०० ठेवू या. १९८३ मध्ये ती आली, २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, आणि आजही गावोगावी आरटीओकडून नोंदणीचं नूतनीकरण करून ती हौसेने चालवणारी माणसं आहेत. इंजिन, बॉडी, सीट कव्हर यांवर ही मंडळी जिवापाड खर्च करतात. बॅटरीच्या खांबावर बसणारी ती दोन बोटांएवढी क्लॅम्प मात्र वीस-पंचवीस वर्षं तीच असते.

आता, दिवे लागतात आणि सेल्फ का लागत नाही? हेडलाइटचे दोन्ही बल्ब मिळून साधारण दहा अँपिअर करंट घेतात. सेल्फची मोटर छोट्या गाडीतसुद्धा शंभर-सव्वाशे अँपिअर ओढते. समजा, खांब आणि क्लॅम्प यांच्यामध्ये फक्त ०.०२ ओहम अडथळा आहे. दहा अँपिअरला तिथे ०.२ व्होल्ट वाया जातात; दिव्याच्या उजेडात फरक कळतही नाही. पण १२० अँपिअरला त्याच जागी २.४ व्होल्ट गळतात. सेल्फ मारताना चांगल्या बॅटरीचं व्होल्टेजही साडेदहापर्यंत उतरतं, त्यातून हे गेले तर मोटरच्या हाती आठ उरतात. आणि २.४ गुणिले १२० म्हणजे २८८ वॅट. एवढी उष्णता त्या सांध्यात निघते. म्हणूनच दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर, चावी बंद करून क्लॅम्पला बोट लावा. गरम लागली तर दुसरी तपासणी करायची गरज नाही.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे, त्यांनी तो २० व्होल्ट डीसीवर ठेवावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एक टोक थेट खांबाच्या शिशावर, दुसरं त्याच खांबावरच्या क्लॅम्पवर, आणि दुसऱ्या कुणाला तरी दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगावं. काटा किंवा आकडा शून्याजवळ राहिला पाहिजे. ०.१ च्या वर गेला तर सांधा उघडायचाच. हेच बॅटरीच्या निगेटिव्ह खांबापासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत करा. तिथे ०.२ पर्यंत चालेल. पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फवरच्या मोठ्या बोल्टपर्यंत ०.५ पर्यंत चालेल. ही मापं करंट वाहत असतानाच घ्यायची. गाडी नुसती उभी असताना मीटर लावून 'बारा पूर्णांक सहा दाखवतोय, सगळं ठीक आहे' म्हणण्याला काही अर्थ नाही.

उघडताना आधी निगेटिव्ह काढायची, लावताना ती शेवटी. कारण साधं आहे. निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते. ती जोडलेली असताना पॉझिटिव्ह सोडवायला गेलात आणि दहाचा पाना बॉडीला टेकला, तर पाना लालभडक होतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. (काही जुन्या विलायती गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू बॉडीला असायची. तसली गाडी बाळगणाऱ्यांनी आधी बॉडीकडची वायर सोडायची, एवढं लक्षात ठेवावं.) क्लॅम्प अडकली असेल तर पान्याने ठोकू नका, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटूही नका. खांब आत बॅटरीच्या झाकणात बसवलेला असतो. तो पिरगळला तर बुडाशी बारीक फट पडते, तिथून ॲसिड वर येतं, आणि मग टर्मिनलवर ॲसिडमुळे साचणारी ती पांढरी-निळी भुकटी, जिला आपण बुरशी म्हणतो, कितीही धुतली तरी परत येत राहते.

त्या बुरशीवर खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी टाकलं की फेस येऊन ती निघते. बॅटरीची झाकणं घट्ट असू द्या, सोडा आत जाता कामा नये. पण खरी अडचण बाहेर दिसते त्या बुरशीत नसते. क्लॅम्प काढल्यावर तिच्या आतल्या गोलावर आणि खांबावर काळपट करडा थर दिसेल, तो खरा अडथळा. तो बारीक पॉलिश पेपरने जाईल, शिसं चकाकेल. कानस खांबावर चालवू नका. शिसं मऊ असतं, दर सर्व्हिसिंगला थोडं थोडं खरवडलं जातं आणि जुन्या गाडीत पुढची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते.

खांब वर निमुळता असतो. क्लॅम्प खाली दाबली की घट्ट बसावी, अशी ती रचना आहे. वर्षानुवर्षं घासून, आवळून क्लॅम्पचं भोक मोठं आणि लंबगोल होतं. मग ती खाली सरकत सरकत बॅटरीच्या प्लॅस्टिकवर टेकते. तुम्ही नट आवळता, क्लॅम्पच्या चिरेची दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात, पाना पुढे जात नाही, तुम्हाला वाटतं झालं घट्ट. आणि हाताने धरून फिरवली तर क्लॅम्प बाटलीच्या झाकणासारखी फिरते! क्लॅम्प आवळल्यावर ती चीर थोडी तरी उघडी दिसलीच पाहिजे. ती पूर्ण मिटली असेल तर नट कितीही आवळा, उपयोग नाही.

यावर रस्त्यावरचे इलाज तुम्ही पाहिले असतील. खिळा ठोकायचा, स्क्रू फिरवायचा, सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची. त्याने त्या दिवशी घरी पोहोचता येतं, नाही म्हणत नाही. पण खिळा फक्त एका रेषेत टेकतो आणि गंजतो, आणि ॲल्युमिनियमची चांदी ॲसिडच्या वाफेत टिकत नाही. क्लॅम्प कुठे तडकलेली नसेल तर चिरेच्या दोन्ही आतल्या कडा कानशीने मिलिमीटर-दीड मिलिमीटर घासा. आवळायला जागा मिळते. खांबच झिजून बारीक झाला असेल तर बॅटरीच्या दुकानात त्यावर बसणारं शिशाचं बुश, म्हणजे टोपीसारखी बारीक नळी, मिळतं.

इथे आणखी एक गफलत होते. पॉझिटिव्ह खांब निगेटिव्हपेक्षा जाड असतो. शिवाय छोट्या जपानी पद्धतीच्या बॅटऱ्यांचे खांब बारीक, साधारण १४.७ आणि १३ मिलिमीटर, तर मोठ्यांचे १७.५ आणि १५.९. आपल्या ८०० मध्ये बारीक खांबांची बॅटरी येते. कुणीतरी मधेच जाड खांबाची क्लॅम्प बसवलेली असते किंवा निगेटिव्हच्या वायरला पॉझिटिव्हची क्लॅम्प लावलेली असते. अशी क्लॅम्प नवी असतानाही सैलच राहणार.

नवी क्लॅम्प घेताना पत्र्याची दाबून केलेली घेऊ नका. शिशाची किंवा पितळेची, जड घ्या. आणि ज्यात वायरच्या तारा एका पट्टीखाली दोन स्क्रूंनी दाबायच्या असतात, ती मला पसंत नाही. उघड्या तारांत ॲसिड शिरतं आणि रबराखाली वायर आतून काळी पडत जाते. आपल्या जुन्या वायरचं रबर इंचभर सोलून बघा. तांबं काळं असेल तर लालबुंद तांबं लागेपर्यंत कापत जा. वायर आखूड पडली तर पूर्ण नवीन घ्या, आणि टोकाला लग (बोल्टखाली धरायची धातूची टोपी) प्रेसने दाबून घ्या, पकडीने चेपून नाही.

निगेटिव्ह वायरचं दुसरं टोक तर कुणी बघतच नाही. बॅटरीकडून बॉडीकडे आणि तिथून इंजिन-गिअरबॉक्सकडे जाणारी अर्थिंगची पट्टी ऑइल, चिखल आणि गंज यांच्यात दबलेली असते. डेंटिंग-पेंटिंगनंतर तर ती खुशाल रंगावरच बसवून दिलेली सापडते. ती पट्टी खराब झाली की सेल्फचा करंट परतीला दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनपासून बॉडीपर्यंत जाणारी धातूची वस्तू म्हणजे चोकची नाहीतर ॲक्सिलरेटरची केबल. सेल्फ मारताना चोकची केबल गरम होते, तिचं प्लॅस्टिक वितळतं, ती आत अडकते. मालक केबल बदलतो. महिन्याने नवीही अडकते! अशा वेळी केबलला दोष देण्यात अर्थ नाही. बॉडीवरचा बोल्ट काढून खालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वायसर घाला, बोल्ट आवळा, वरून ग्रीस लावा.

बॅटरीच्या टर्मिनललाही असंच. आधी कोरडं, स्वच्छ बसवून आवळायचं, मग वरून व्हॅसलीनचा हात फिरवायचा. शिशाचं काम झालं की हात साबणाने धुवा, लगेच चहाला बसू नका.

एक जुनी खोड मात्र सोडा. इंजिन चालू असताना टर्मिनल उचलून 'चार्जिंग होतंय का' बघायची. डायनॅमोच्या काळात ते खपून गेलं. अल्टरनेटरच्या (डायनॅमोऐवजी आलेलं, बॅटरी चार्ज करणारं यंत्र) गाडीत त्या क्षणी व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड जाऊ शकतात. त्यापेक्षा इंजिन चालू ठेवून खांबांवर मीटर लावा. १३.८ ते १४.४ दाखवायला हवा. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग, दाखवून घ्या, नाहीतर बॅटरी उकळत राहील आणि बुरशी आठवड्यात परत येईल.

हे सगळं करून सगळ्या मापांत मीटर वर सांगितलेल्या मर्यादेत राहिला आणि तरी सेल्फ रडतच राहिला, तर बॅटरीचं लोड टेस्टिंग, म्हणजे मोठा करंट ओढून होणारी तपासणी, करून घ्या. त्यात ती नापास झाली तर खुशाल नवी आणा. जुनी दुकानदारालाच द्या, तिच्या शिशाचे पैसे बिलातून वजा होतात. आणि निघण्याआधी नव्या बॅटरीचे खांब तुमच्या क्लॅम्पला बसतात का, ते तिथेच लावून बघा. नमस्कार.