मंगळवार कुठे गेला?

(बेळगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आमच्या गल्लीतल्या एक काकू लेकीचं बाळंतपण आटोपून भर हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोहून परतल्या. सोमवारी रात्री ९ला विमान सुटलं आणि बेंगळुरूला उतरल्या तेव्हा बुधवारची पहाट, ४ वाजलेले. मला म्हणाल्या, "सर, माझा मंगळवारचा उपास असतो. तो मंगळवार गेला कुठे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. हिवाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतेरा तास पुढे असतं. काकूंचं विमान सुटलं तेव्हा इथे खडेबाजारात मंगळवारचे सकाळचे साडेदहा वाजले होते. पुढचे साडेसतरा तास त्या हवेत. मंगळवार विमानातच सरला.

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को रेघ ओढली, तर ती आफ्रिका, अटलांटिकवरून जाते. ही मोसंबी बघा. दोन टाचण्या टोचल्या, एक आपली, एक त्यांची. मध्ये दोरा ताणून धरला की तो आपसूक वर सरकतो, देठाकडे, म्हणजे उत्तर ध्रुवाकडे. बेंगळुरू ७७ अंश पूर्वेला, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिमेला. दोन्ही गावं पृथ्वीच्या जवळजवळ पाठपोट बाजूंना. म्हणून सगळ्यात जवळची वाट ध्रुवाशेजारून जाते, सुमारे १४,००० किलोमीटर. जानेवारी २०२१मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहवैमानिक महिलांनी एअर इंडियाचं विमान ध्रुवावरूनच बेंगळुरूला आणलं. ती बातमी वाचताना माझा ऊर भरून आला होता.

पण जवळची वाट लवकरची असतेच असं नाही, आणि मला आज हेच सांगायचंय. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक पट्टा वाहतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात तो ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० धरा. वारा पाठीशी असला तर जमिनीवरून मोजलेला वेग ११००, तोंडावर असला तर ७००. २०१६ साली एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडे, वारा पाठीशी घेऊन न्यायला सुरुवात केली. अंतर साधारण १३,९०० किलोमीटरवरून १५,३०० झालं, तरी विमान जवळपास दोन तास आधी पोचायला लागलं! मोबाईलवर दिसणाऱ्या किलोमीटरला ९००ने भागून मुलांची वाट बघत बसणाऱ्या आईवडिलांनी हे ध्यानात ठेवावं. रशियाचं आकाश काही कंपन्यांना बंद झाल्यावर, २०२२पासून, हेलसिंकी-टोकियोसारख्या वाटा कितीतरी तासांनी लांबल्या. गावं जागच्या जागीच होती.

आपल्याला आणखी एक हिशेब असतो. सांबऱ्याची, म्हणजे आपल्या बेळगावच्या विमानतळाची, धावपट्टी १९४२ची, पण तिथून अमेरिकेला थेट विमान नाही. खानापूरच्या माणसाने आधी बेळगाव गाठायचं, मग रात्रभर रेल्वेने बेंगळुरू, तिथून देवनहळ्ळीचं विमानतळ, आणि सुटायच्या तीन तास आधी हजर व्हायचं. दारापासून दारापर्यंत दीड दिवस सहज जातो.

म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांची मला फार काळजी वाटते. सकाळची गोळी कुठल्या सकाळची? निघण्याआधी डॉक्टरांना प्रवासाचे तास दाखवून विचारून घ्या. काकूंनी तसं केलं होतं. डॉक्टरांनी कागदावर वेळा लिहून दिल्या, आणि काकूंनी मनगटावरचं घड्याळ अख्ख्या प्रवासात बेळगावच्या वेळेवरच ठेवलं.