पोस्टकार्डावरची भरती

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय लहान चित्रांबद्दल. लहान म्हणजे पोस्टकार्डाएवढी, फार तर वहीच्या पानाएवढी. आणि तीही समुद्रकाठी बसून काढलेली. लोक मला विचारतात, "एवढा थोरला समुद्र समोर असताना एवढुसा कागद का?" अहो, समुद्र थोरला आहे म्हणूनच! मोठा कागद घेऊन बसलात तर आभाळ रंगवून होईपर्यंत खालचं पाणी दहा पावलं मागे सरलेलं असतं. मघाशी तरंगत असलेली होडी वाळूवर कलंडलेली असते. उन्हाचा रंगही तोवर बदललेला असतो. लहान कागद वीस मिनिटांत संपतो. तेवढा वेळ समुद्र दम धरतो, त्यापुढे नाही.

हे काही माझं शहाणपण नाही. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आँफ्लर नावाचं बंदर आहे. तिथे 1824 साली एका दर्यावर्दीच्या घरी युजेन बूदँ हा चित्रकार जन्मला. पुढे ल हाव्रला त्याने कागद-लेखणी आणि चित्रांच्या चौकटींचं दुकान काढलं. मग दुकान सोडलं आणि आयुष्यभर समुद्र, होड्या आणि आभाळ रंगवलं. त्याची किनाऱ्यावरची कितीतरी चित्रं काखेत मारून नेता येतील एवढीच आहेत. व्यंगचित्रं काढून विकणाऱ्या एका पोराला त्यानेच घराबाहेर नेलं आणि उघड्यावर बसून रंगवायला शिकवलं. तो पोरगा म्हणजे पुढे जगभर गाजलेला चित्रकार क्लोद मोने. याच मोनेने 1870 साली त्रूव्हीलच्या किनाऱ्यावर काढलेलं एक लहानसं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्याच्या रंगात आजही वाळूचे कण चिकटलेले आहेत. आमच्या कागदांवर तर माशांचे खवले सापडतील.

पण बूदँची सवय मला जास्त आवडते. आभाळाचं लहानसं अभ्यासचित्र काढलं की तो त्यावर लिहून ठेवायचा: तारीख, वेळ, वारा. पुन्हा सांगतो, तारीख, वेळ आणि वारा. 1859 साली बोदलेर या कवीने ही अभ्यासचित्रं पाहिली आणि लिहिलं, की ही अक्षरं हाताने झाकली तरी ऋतू कुठला, वेळ काय आणि वारा कुठला, हे चित्र पाहूनच ओळखता येईल.

मला वाटायचं, ही कवीची अतिशयोक्ती. हर्णैला जाईपर्यंत वाटायचं.

हर्णै बंदर तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. दापोलीहून खाली उतरलं की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. संध्याकाळी वाळूवरच मासळीचा लिलाव होतो. होड्या लांब पाण्यात नांगरलेल्या असतात आणि मासळी आणायला बैलगाड्या थेट समुद्रात उतरतात. बैलांच्या पोटाला पाणी लागतं. टोपल्या भरतात, गाडी वळते, वाळूवर ढीग पडतात आणि बोली सुरू होते. पलीकडे बर्फाचे टेम्पो उभे.

तर मी एका पालथ्या टोपलीवर बसून रंगवत होतो. आधीच्या दिवसांतली काही चित्रं शेजारी दगडाखाली ठेवली होती. बूदँचं वाचल्यापासून मीही प्रत्येकाच्या मागे लिहायला लागलो होतो. फक्त तारखेऐवजी तिथी, कारण आपल्याकडे पाणी तिथीवर चालतं.

एक मासळीवाली मावशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "काय वो, ह्यांचा लिलाव कधी?"

मी म्हटलं, "तुम्हीच करा की."

मला काय माहीत ती खरंच करील! तिने वरचं चित्र उचललं, खोक्यावर चढली आणि सुरू झाली, "बोला, चित्रावर बोला! ताजं हाय, बर्फातलं नाय!" माणसं हसत गोळा झाली. कोणी पाच रुपये म्हटलं, कोणी दहा. एकजण म्हणाला, बोंबलाचा वाटा देतो. माझी किंमत बोंबलावर येऊन अडली होती, तेवढ्यात कमरेपर्यंत भिजलेला एक म्हातारा गाडीवान पुढे आला. त्याने हात लुंगीला पुसले, तरी चित्राला बोट लावलं नाही. नुसता वाकून बघत राहिला.

"ह्यो गाडीवान मी नाय," तो म्हणाला. "बैल पन माजे नाय. पन पानी सांगतो."

मी मावशीच्या हातातून चित्र घेतलं, मागची बाजू छातीला धरली आणि म्हटलं, "सांगा."

"पानी चढताय."

"कशावरून?"

"वाळू बगा ना. पान्याच्या कडेला कोरडी हाय. ओहोटी असती तर हितं एवढा पट्टा ओला चकाकला असता." मग होडीकडे बोट. "हिचं नाक भायर वळलाय. खारा वारा लागलाय, वायव्येचा." मग गाडीखाली बोट. "सावली गावाकडं पडलेय, लांब. चार वाजले असतील. चारला पानी एवढा वर, म्हंजे तिथी सहा. नायतर सात."

हा हिशेब ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, साधारण त्या वाजता पूर्ण भरती. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. तिथीची पाऊणपट, एवढं लक्षात ठेवा. जागेप्रमाणे थोडं मागेपुढे होतं.

मी चित्र उलटं केलं. मागे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: षष्ठी, दुपारी चार, वारा वायव्य.

मावशी ओरडली, "एक वार, दोन वार, तीन वार! गाडीवाल्याला!" सौदा दोन पापलेटांवर ठरला. म्हाताऱ्याने चित्र घेतलं, मागची बाजू बघितली आणि कपाळाला आठी घातली. मुलगा मुंबईला असतो, त्याला पाठवायचं होतं. म्हणाला, "कार्डाएवढा कागद घेतलात, आनि मागं पत्त्याला जागा नाय ठेवलीत?"

पापलेटं त्याच रात्री तव्यावर गेली. नुसतं मीठ, हळद, तिखट, कोकमाचा आगळ आणि वरून तांदळाचं पीठ. पापलेटाला जाडजूड रवा थापणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. असो.

आता त्या बैलगाड्यांबद्दल. पक्की जेटी झाली की त्या जाणार, म्हणून आमच्यातले काही चित्रकार हळहळतात. मी हळहळणार नाही. आमच्या चित्रात शोभा यावी म्हणून जनावरांनी रोज खाऱ्या पाण्यात उभं राहायचं का? क्रेन रंगवा, बर्फाचे टेम्पो रंगवा. टेम्पोची सावलीही वेळ सांगते.

आणखी एक. हॉटेलांच्या भिंतींवर समुद्र टांगलेले असतात ना, नारिंगी सूर्यास्त आणि वाकलेली दोन माडांची झाडं, ते कुठल्या तिथीचे आहेत सांगून दाखवा. त्यात वाळू सगळीकडे सारखीच पिवळी. पाणी चढतंय की उतरतंय, काढणाऱ्यालाच पत्ता नसतो. आपला समुद्र बहुतेक वेळा राखाडी असतो, खाडीच्या तोंडाशी मातकट हिरवा. तो रंग डबीतून तयार मिळत नाही, बसून कालवावा लागतो.

ज्यांना करून बघायचंय त्यांना दोनच गोष्टी सांगतो. पहिली, बसल्याबसल्या आधी पाण्याची कड बघा. कोरड्या वाळूला भिडलेली की मध्ये ओला पट्टा? तेवढं नीट काढलंत तर बाकीचं चित्र चुकलं तरी चालेल. दुसरी, ब्रश बुडवायला गोडं पाणी घरून न्या. समोर एवढं पाणी आहे म्हणून त्यातच ब्रश बुडवायचा मोह होतो, आणि मिठामुळे रंगात सुरेख दाणे उठतातही. पण ते मीठ कागदातच राहतं, आणि पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नकोच. कागद ओलसर होतो, मग बुरशी धरतो.

हर्णैला जाणार असाल तर दुपारी चारच्या आत पोचा, लिलावाच्या वाटेत बसू नका, आणि चित्राच्या मागे पत्त्याला जागा ठेवा.