ड्रॅगन ब्लेड: ती भिंत बांधतात तेवढाच सिनेमा

मंडळी, जॅकी चॅन मला शाळेत असल्यापासून आवडतो, त्यामुळे आज 'ड्रॅगन ब्लेड'बद्दल जे बोलणार आहे ते खरंच वाईट वाटून बोलतोय. २०१५ चा सिनेमा, डॅनियल लीचा, साडेसहा कोटी डॉलर खर्च, समोर जॉन क्युसॅक आणि एड्रियन ब्रोडी. काळ इसवीसनपूर्व ४८. रेशीम मार्गावर शांतता राखणाऱ्या तुकडीचा प्रमुख हुओ आन (म्हणजे जॅकी) सोन्याच्या तस्करीच्या खोट्या आरोपात अडकतो, सीमेवरच्या एका पडक्या शहरात मजुरीला धाडला जातो, आणि तिथे रोमहून पळालेला सेनापती ल्युशियस येऊन धडकतो, सोबत एक लहान आंधळा मुलगा, ज्याच्या जिवावर त्याचाच भाऊ टायबेरियस उठलाय.

आता ही कल्पना अगदीच हवेतली नाहीये. इ.स.पू. ५३ मध्ये कॅरीच्या लढाईत पार्थियन लोकांनी, म्हणजे तेव्हा इराणच्या बाजूला राज्य करणाऱ्यांनी, क्रॅससच्या रोमन फौजेचा धुव्वा उडवला, दहा हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले, आणि कैद्यांना पार पूर्वेला, आजच्या तुर्कमेनिस्तानातल्या मर्वकडे नेलं. पुढे इ.स.पू. ३६ साली चिनी फौजेने आजच्या कझाकस्तानच्या बाजूला झिझी नावाच्या शिओंगनू (भटक्या टोळ्यांच्या) सरदाराचा किल्ला घेतला, तिथे माशाच्या खवल्यांसारखी रचना करून उभे असलेले शंभरेक पायदळी सैनिक दिसले अशी चिनी इतिहासात नोंद आहे. १९५० च्या दशकात होमर डब्ज या अभ्यासकाने हे दोन धागे जोडले, म्हणाला ही रोमनांचीच ढालींची रचना, आणि हेच लोक नंतर चीनच्या गान्सू प्रांतातल्या लिचिएनला वसले. २००७ मध्ये तिथल्या गावकऱ्यांच्या डीएनएचा अभ्यास आला, त्यातून रोमन मूळ काही निघालं नाही. पण गोष्ट म्हणून? जबरदस्त आहे हो.

चुका मी सोडून देतो. हुओ आनला वाढवणारा सेनापती हुओ छुपिंग इ.स.पू. ११७ लाच वारला, म्हणजे हा हुओ आन ४८ साली सत्तरीच्या पुढचा असायला हवा. चालेल, सिनेमा आहे.

मला लागलं ते वेगळंच. वाळूचं वादळ येतं, हुओ आन ल्युशियसशी चाललेलं द्वंद्व थांबवून त्याला आणि त्याच्या फौजेला शहरात घेतो, आणि मग हे रोमन लोक पडलेली तटबंदी उभारायला हात लावतात, त्यांची बांधकामाची पद्धत आणि इथल्या मजुरांची मेहनत एकत्र येते, दगड वर चढतात, काम झाल्यावर सगळे एकमेकांना आपापले डावपेच दाखवतात, तो पोरगा आपल्या देशाचं गाणं म्हणतो. तिथे मला वाटलं, आता पकड घेतोय सिनेमा. पण भाषेची अडचण कुठे आहे? हुओ आन आणि ल्युशियस सरळ इंग्रजीत बोलतात! एकमेकांचा एक शब्द न कळणारी दोन माणसं खुणांनी, चुकत माकत एक दगड कसा उचलतील, यातच सगळा जीव होता, तो घालवला. नंतर टायबेरियस येतो आणि मग मारामारी, छळ, रडारड, भाषणं. पार्थियनसुद्धा शेवटी अजून एक फौज म्हणून येऊन जातात.

खरं तर पार्थियन हेच या गोष्टीतलं मोठं पात्र, कारण चीन आणि रोमच्या मध्ये तेच बसलेले होते आणि रेशमाचा व्यापार त्यांच्या हातून जायचा. इ.स. ९७ मध्ये बान छाओ या चिनी सेनापतीने गान यिंग नावाच्या माणसाला रोमकडे पाठवलं, तो समुद्रापर्यंत पोचलासुद्धा. पार्थियाच्या सीमेवरचे खलाशी त्याला म्हणाले, वारा चांगला असला तर तीन महिने, नाहीतर दोन वर्षं लागतात, तीन वर्षांचं धान्य बरोबर घ्या, समुद्रावर माणसाला घराची इतकी आठवण येते की काही जण मरतात. गान यिंग किनाऱ्यावरूनच मागे फिरला. त्या किनाऱ्यावर तो माणूस आणि ते खलाशी, मध्ये एक दुभाषी, एवढा एक सीन कुणीतरी नीट शूट करा, जॅकीने केला तरी मी पहिल्याच दिवशी जाईन.